ई-पुस्तक हाती घेण्यापूर्वी : मजकूर, मालकी आणि मग यंत्र



मागच्या दोन व्याख्यानांत 'ग्रंथ म्हणजे नेमकं काय' या प्रश्नाची तात्त्विक बाजू आपण पाहिली. त्यावर तुमच्याकडून जे प्रश्न आले ते बहुतेक अगदी व्यवहारातले होते. मोबाइलवर वाचावं की किंडल घ्यावं? टॅबलेट बरा का? मराठी अक्षर त्यावर नीट दिसतं का? फुकट मिळतात ती पुस्तकं घ्यावीत की ती चोरीची असतात? आज या प्रश्नांना धरूनच बोलायचं आहे, कारण आमच्या मते ते मूळ तात्त्विक प्रश्नापासून फार लांब नाहीत.

'कोणतं यंत्र घेऊ?' असं विचारताना आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरतो. ती ही, की पुस्तक ही आधीच ठरलेली वस्तू आहे आणि यंत्र म्हणजे फक्त तिचं भांडं. आता भांड्याचं काय असतं ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं. भांडं काहीच करत नाही असं म्हणता येत नाही. डिजिटल पुस्तकाचंही तसंच आहे. यंत्र बदललं की कधी अक्षराचं वळण बदलतं, कधी कवितेची ओळ मोडते, आणि कधी तर पुस्तक आपलं आहे की दुसऱ्याचं, हेच बदलतं. म्हणून आमचं म्हणणं असं, की यंत्राचा प्रश्न शेवटी घ्यावा. आधी मजकुराचा, मग मालकीचा.

मजकुरापासून सुरुवात करू.

आपण ज्याला सरसकट ई-पुस्तक म्हणतो, त्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. पहिली पीडीएफ. ही अडोबी कंपनीनं १९९३ मध्ये आणली. तिचा हेतू असा, की कागदावरचं पान जसं आखलं असेल तसंच्या तसं कुठल्याही संगणकावर दिसावं. छापखान्यासाठी हा मोठाच गुण. पण तेच पान सहा इंची मोबाइलवर आलं की अक्षर मुंगीएवढं होतं. मोठं करायला गेलं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते, आणि वाचणारा प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडे सरकवत बसतो. दुसरी जात ईपब. ही २००७ पासून प्रमाण म्हणून रुळली. तिच्यात पान नसतंच. नुसता मजकूर असतो, आणि तो पडद्याच्या मापानं वाहतो. अक्षर दुप्पट केलंत तर ओळी आपोआप नव्यानं लागतात. ज्यांचा मोतीबिंदू काढून झालाय किंवा काढायचा राहिलाय, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

पीडीएफमध्येही पुन्हा पोटजाती आहेत. काही पीडीएफ म्हणजे जुन्या पुस्तकाच्या पानांचे फोटो. डोळ्यांना अक्षरं दिसतात, पण यंत्राच्या लेखी तो नुसता डाग आहे. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर वाढवता येत नाही, आणि दृष्टिहीन माणसाचं वाचक-सॉफ्टवेअर तिथं मुकं होतं.

हे कसं ओळखायचं? सोपी युक्ती सांगतो. फाईल उघडा आणि एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द रंगला तर तो मजकूर आहे, नाही रंगला तर बहुधा फोटो. रंगला तर तो शब्द उचला आणि मोबाइलवर आपण ज्यात किराण्याची यादी लिहितो तिथं चिकटवा. तिथं मराठी शब्द जसाच्या तसा उमटला तर उत्तम. इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटली, तर समजा की पुस्तक जुन्या फाँटमध्ये बांधलेलं आहे. विकत घेण्यापूर्वी नमुन्याची पानं मिळतात, त्यांवर शक्य असेल तिथं ही परीक्षा जरूर करावी.

ही खिचडी का होते, ते थोडं समजून घेऊ, कारण मराठी ई-पुस्तकाचं अर्धं दुखणं तिथंच आहे. संगणकावर मराठी छपाई सुरू झाली तेव्हा मराठी अक्षरांना संगणकात स्वतःची जागा नव्हती. मग रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले गेले. म्हणजे यंत्राला वाटे की आपण इंग्रजी अक्षर साठवतोय, आणि फाँटच्या चष्म्यातून माणसाला मराठी दिसे. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. पण छपाईच्या धंद्यातली सॉफ्टवेअर नंतरही बरीच वर्षं जुन्याच फाँटवर चालली. परिणाम असा, की अनेक चांगल्या पुस्तकांच्या फायली प्रकाशकांकडे आहेत, पण त्या जुन्या लिपीबंधात अडकलेल्या आहेत. त्या युनिकोडमध्ये आणायला रूपांतराची साधनं आहेत. ती रफार इकडचा तिकडे करतात, वेलांट्या सांडतात, जोडाक्षरं फोडतात. मग कुणीतरी जाणत्या माणसानं सबंध पुस्तक पुन्हा वाचावं लागतं. त्याला पैसे लागतात. ते वाचवायचे म्हणून सरळ पीडीएफ बाजारात टाकली जाते, नाहीतर न तपासलेलं रूपांतर विकलं जातं.

आमची पहिली तक्रार इथं आहे. छापील पुस्तकात दर पानाला एक मुद्रणदोष सापडला तर आपण परीक्षणात त्याचा उल्लेख करतो, प्रकाशकाला चार शब्द ऐकवतो. ई-पुस्तकात तेच दोष असले तर 'मोबाइलवर असंच दिसतं' म्हणून सोडून देतो. हे का? मराठीत ई-आवृत्तीचं परीक्षण करण्याची पद्धतच पडलेली नाही. पुस्तकाचं परीक्षण होतं, त्याच्या डिजिटल रूपाचं होत नाही. आपण ग्राहक म्हणून आणि समीक्षक म्हणून दोन्ही बाजूंनी गप्प राहतो, आणि मग ढिसाळपणा हाच दर्जा होऊन बसतो.

अक्षराच्या वळणाचंही तसंच. मराठीच्या काही खास गरजा आहेत. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' हे दोन वेगळे शब्द आहेत. एकात भाजी चिरायच्या सुऱ्या, दुसऱ्यात आकाशातला देव. 'ऱ्हास', 'तऱ्हा', 'दुसऱ्या' यांतला तो अर्धा ऱ मराठीचा जीव आहे. मराठी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा श हे हिंदी छापील वळणापेक्षा वेगळे आहेत. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. चांगल्या फाँटमध्ये मराठी भाषा निवडली की ल आणि श मराठी वळण घेतात, तशी सोय आत असते. पण ती चालू करायला पुस्तक बनवणाऱ्यानं 'ही फाईल मराठी आहे' एवढं तरी आत लिहून ठेवलं पाहिजे. अनेक ठिकाणी तेही केलेलं नसतं. हे कुणाला किरकोळ वाटेल. पण मुलं आता पहिल्यांदा अक्षर पाहतात ती पडद्यावर. जे वळण ती रोज पाहतील तेच त्यांचं होईल.

तेव्हा नव्या यंत्रावर किंवा ॲपवर पहिल्यांदा मराठी पुस्तक उघडाल तेव्हा पाच-सहा शब्द शोधून बघा : ऱ्हास, सुऱ्या, दृष्ट्या, ज्ञानेश्वरी, बाळ, ॲप. हे नीट उमटले तर पुढं जायला हरकत नाही.

वाहत्या मजकुराचेही तोटे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. गद्य वाहिलं तर काही बिघडत नाही. ओवी, अभंग, मुक्तछंद वाहिला तर बिघडतं. अक्षर मोठं केलं की ओवीचा चरण मध्येच तुटून खालच्या ओळीवर येतो, आणि कवीनं ओळ तोडली की यंत्रानं, ते कळेनासं होतं. यावर उपाय आहे. तुटलेला भाग किंचित आत सरकवून दाखवता येतो. पण तो पुस्तक बनवणाऱ्यानं करायचा असतो.

दुसरा तोटा पृष्ठक्रमांकाचा. आमच्यासारख्या संदर्भ देत जन्म काढलेल्या माणसाला 'पृष्ठ ८४' म्हणता येत नाही याचा त्रास होतो. पण इथं जरा मागं जाऊन बघा. ज्ञानेश्वरीचा संदर्भ आपण पृष्ठानं देतच नाही. अध्याय आणि ओवी सांगतो, आणि कोणत्याही घरातल्या कोणत्याही प्रतीत ती जवळपास त्याच जागी सापडते. प्लेटोचा संदर्भ देताना जगभर १५७८ मध्ये जिनिव्हात निघालेल्या एका आवृत्तीचे क्रमांक वापरतात, मग तुमच्या हातात कुठलंही भाषांतर असो. म्हणजे पानापासून सुटलेला संदर्भ ही काही नवी आपत्ती नव्हे. मराठी वैचारिक ग्रंथांच्या ई-आवृत्त्यांत परिच्छेदांना क्रमांक दिले तर हा प्रश्न एका फटक्यात सुटेल. करायला कोणी तयार नाही, एवढंच.

आता मालकीकडे येऊ. हा भाग जरा लक्ष देऊन ऐका.

एक जुनं सुभाषित आहे. त्याचा आशय असा, की पोथीत राहिलेली विद्या आणि परक्याच्या हाती गेलेलं धन, ही दोन्ही गरजेच्या वेळी उपयोगी पडत नाहीत. सुभाषितकारानं दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. आजच्या ई-पुस्तकाच्या दुकानानं त्या एकत्र केल्या आहेत. आपल्या पोथीतली विद्या हीच परक्याच्या हातातलं धन झाली आहे.

अतिशयोक्ती वाटत असेल तर नोंदलेल्या घटना पाहू. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं अनेक वाचकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं परस्पर पुसली. ज्या विक्रेत्यानं ती दुकानात ठेवली होती त्याला हक्क नव्हते, हे कारण खरं होतं. पैसेही परत दिले, आणि कंपनीच्या प्रमुखानं नंतर जाहीर माफी मागितली. पण मुद्दा असा, की पुसता आलं. ज्या लेखकानं सरकार जुने कागद नष्ट करतं अशी कादंबरी लिहिली, त्याचीच ती कादंबरी त्यात होती, हा योगायोग. दुसरी घटना २०१९ मधली. मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, आणि विकलेली सगळी पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले. ज्यांनी पुस्तकात टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर मिळाले. समासातल्या विचारांची किंमत इतक्या स्पष्टपणे कुणी पूर्वी लावली असेल असं वाटत नाही. तिसरी घटना चीनमधली. तिथलं किंडलचं दुकान जून २०२३ मध्ये बंद झालं आणि घेतलेली पुस्तकं उतरवून घ्यायला वर्षभराची मुदत मिळाली. आणि फेब्रुवारी २०२५ पासून ॲमेझॉननं विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलनं किंडलमध्ये घालण्याची सोय काढून टाकली.

या सगळ्यांत कायदा मोडला असं आम्ही म्हणत नाही. उलट कायदा पुष्कळसा त्यांच्या बाजूनं आहे, आणि हीच विचार करण्यासारखी गोष्ट. आपण 'विकत घ्या' असं लिहिलेलं बटण दाबतो. प्रत्यक्षात मिळतो तो वाचण्याचा परवाना. आपल्याकडे छापील पुस्तकावर वस्तू आणि सेवा कर नाही. ई-पुस्तक मात्र करव्यवस्थेत 'सेवा' या सदरात बसतं. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर २०१८ पासून ५ टक्के कर, आणि जे केवळ डिजिटल आहे त्यावर १८ टक्के. तत्त्वज्ञानाच्या वर्गात द्रव्य आणि क्रिया यांतला भेद शिकवायला आम्हाला तासच्या तास लागत. करखात्यानं तो दोन ओळींत निकालात काढला. कागदाचं पुस्तक ही वस्तू, पडद्यावरचं पुस्तक ही सेवा. न्हाव्यानं केस कापले, केबलवाल्यानं चॅनेल दाखवले, त्याच रांगेत.

वस्तू असली की ती देता येते, विकता येते, मुलीच्या नावे ठेवता येते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या पदपथावर जुनी पुस्तकं मिळतात ती यामुळंच. सेवेचं तसं होत नाही. युरोपीय महासंघाच्या न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये एका डच प्रकरणात असाच निकाल दिला, की वापरलेलं ई-पुस्तक जुन्या पुस्तकासारखं परस्पर विकता येणार नाही. ग्रंथालयाचंही पाहा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. या संस्था सव्वाशेच्या वर वर्षं चालल्या त्या एका साध्या तत्त्वावर, की एक प्रत घ्यायची आणि शंभर जणांना वाचायला द्यायची, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ई-पुस्तकाला ती लागते. प्रत्येक पुस्तकासाठी वेगळा करार. ज्या वाचनालयाला वीजबिल भरताना नाकी नऊ येतात, ते हे करार करणार कसे?

याहून खोल एक गोष्ट आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली हे आपल्याला ठाऊक आहे. पाठ बिघडले होते म्हणून शुद्ध करायची वेळ आली. पण शुद्ध करता आली ती का? प्रती अनेक हातांत होत्या म्हणून. एकीत चुकलं ते दुसरीत बरोबर होतं, आणि ताडून पाहता येत होतं. पाठचिकित्सेचं सगळं शास्त्र या वेगळेपणावर उभं आहे. आता कल्पना करा, की सर्व प्रती एकाच दुकानाच्या ताब्यात आहेत आणि एका रात्रीत सगळ्या एकसारख्या बदलतात. मग ताडून पाहायचं कशाशी? ही नुसती कल्पना नाही. २०२३ मध्ये रोआल्ड डाल या इंग्रजी बालसाहित्यकाराच्या पुस्तकांत प्रकाशकानं शब्द बदलले. तेव्हा ज्यांनी जुनी ई-आवृत्ती आधीच घेतली होती त्यांच्याही प्रती आपोआप बदलल्याचं ब्रिटिश वृत्तपत्रांनी दाखवून दिलं. बदल योग्य होते की अयोग्य, हा वाद वेगळा. वाचकाच्या घरातली जुनी प्रत त्याला न विचारता नवी झाली, हे आम्हाला जास्त गंभीर वाटतं.

यावर कुणी म्हणेल, कागद तरी कुठं अमर आहे? बरोबर आहे. १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यातल्या कितीतरी घरांतली पुस्तकं गेली. वाळवी आहे, ओल आहे, आणि आजोबांची पुस्तकं रद्दीत देणारी नातवंडंही आहेत. आणि कितीतरी मराठी पुस्तकं अशी, की ज्यांची पुढची आवृत्ती कधी निघणारच नाही. त्यांना डिजिटल रूप हाच एक आधार. म्हणून डिजिटल पुस्तक नको असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. आमचा निष्कर्ष एवढाच, की जी फाईल आपल्या हातात राहते, आणि दुसऱ्या यंत्रावर नेता येते, ती पहिली पसंत. ज्या पुस्तकाला कुलूप लावलेलं आहे आणि किल्ली दुकानदाराकडे आहे, ते एकदा वाचून सोडून देण्याच्या पुस्तकांपुरतं ठीक. जे पुन्हा पुन्हा लागणार, ज्याच्या समासात आपण लिहिणार, ते कागदावर घ्यावं किंवा बिनकुलपाच्या फाइलीत. टिपणं ॲपमध्ये केली असतील तर ती महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढून वेगळी ठेवावीत.

आता कुठं यंत्राकडे वळू.

सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका. मोबाइल तुमच्याकडे आहेच. त्यावर किंडलचं ॲप फुकट मिळतं, किंडल यंत्र नसलं तरी चालतं. गूगलच्या पुस्तकांच्या ॲपमध्ये स्वतःजवळची ईपब किंवा पीडीएफ चढवून वाचता येते. ॲमेझॉननं मराठी ई-पुस्तकं आपल्या दुकानात आणली ती २०१६ च्या अखेरीस, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. तेव्हा पुस्तकं आहेत. महिनाभर मोबाइलवर वाचून बघा. अक्षर हवं तेवढं मोठं करा, रात्री पडद्याचा उजेड कमी करा, आणि वाचताना व्हॉट्सॲपची टिंगटिंग बंद करा. ही शेवटची सूचना सगळ्यांत महत्त्वाची. मोबाइलवर वाचन बिघडतं ते पडद्यापेक्षा या मध्ये येण्यानं जास्त.

महिनाभरात सवय लागली आणि डोळे थकतायत असं वाटलं, तर ई-शाईचं यंत्र पाहावं. यातली करामत अशी, की पडद्यात अगदी सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत विद्युतभार असलेले पांढरे आणि काळे कण. विजेच्या इशाऱ्यानं कुठले वर यायचे ते ठरतं, आणि एकदा वर आले की तिथंच राहतात. म्हणून वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना, आणि उन्हात अंगणात बसूनही अक्षर कागदासारखं दिसतं. सोनीनं २००४ मध्ये जपानात असं पहिलं यंत्र विकायला आणलं, किंडल आलं २००७ मध्ये. कथा-कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन यांना हे यंत्र उत्तम. मात्र स्कॅन केलेल्या जुन्या ग्रंथांना ते लहान पडतं. तिथं दहा इंची टॅबलेट बरा. आणि कोश, संदर्भग्रंथ, दोन पुस्तकं शेजारी ठेवून करायचं काम, याला साधा संगणकच लागतो. संगणकावर कॅलिबर नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, कोविद गोयल या भारतीयानं बनवलेलं. त्यात आपल्या बिनकुलपाच्या फायली नीट लावून ठेवता येतात आणि एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेता येतात.

कागदावर वाचलेलं जास्त समजतं का, असाही प्रश्न होता. २०१८ मध्ये काही युरोपीय आणि इस्रायली संशोधकांनी आधीचे ५४ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत एक लाख सत्तर हजारांवर वाचक होते. त्यांना असं दिसलं, की माहितीपर मजकूर कागदावर थोडा अधिक चांगला समजतो, विशेषतः वेळेचं बंधन असेल तेव्हा. गोष्टीरूप मजकुरात तसा फरक दिसला नाही. आमचा सल्लाही त्याच्याशी जुळणारा आहे. कादंबरी खुशाल पडद्यावर वाचा. कांट वाचायचा असेल तर कागद आणि पेन्सिल घेऊन बसा.

मराठीत कुठून सुरुवात करावी? मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघाला, तो आज इंटरनेटवर मोकळा आहे. केतकरांचा २३ खंडांचा ज्ञानकोश आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ च्या आवृत्तीचा, शिकागो विद्यापीठानं शब्द शोधता येईल असा ठेवला आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली अनेक पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत दिली आहेत. मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं अक्षरशः टंकून ठेवलेली सापडतात, आणि ई साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तकं लेखकाच्या संमतीनं विनामूल्य देतं.

फुकट आणि चोरी यांतली रेघ कशी ओळखायची? आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. हरिभाऊ आपटे गेले १९१९ मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांचं लेखन आता सर्वांचं आहे. पण हयात लेखकाच्या कादंबरीची स्कॅन केलेली पीडीएफ गटात 'ज्ञान वाटल्यानं वाढतं' असं म्हणून फिरवणं, ही सरळ चोरी. ज्या भाषेत हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षं लागतात, तिथं अशी एक पीडीएफ प्रकाशकाचं पुढचं पुस्तक मारू शकते.

शेवटी एका वाचकवर्गाबद्दल बोलून थांबतो, ज्याच्यासाठी ही चर्चा हौसेची नाही. दृष्टिहीन वाचक. २०१२ च्या दुरुस्तीनं आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी पुस्तक त्यांना वाचता येईल अशा रूपात करायला मुभा दिली. पुढं माराकेश करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश. दृष्टिहीनांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे डिजिटल ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झालं. म्हणजे कायदा आहे, करार आहे, व्यवस्था आहे. आज साधा मोबाइलही मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो. अडतं कुठं, तर फाइलीत. मजकूर युनिकोडमध्ये असला तर मोबाइल वाचतो, फोटो असला तर वाचू शकत नाही. प्रकाशकानं रूपांतराच्या तपासणीचे जे पैसे वाचवले, त्याची किंमत या वाचकानं दिलेली असते. डोळस माणसाला जी गैरसोय, ती त्याला बंद दार असते.

तेव्हा मराठी ई-पुस्तक घेताना प्रकाशकाला तीन गोष्टी विचारत चला. मजकूर युनिकोडमध्ये आहे का? छापून येण्यापूर्वी जशी मुद्रितं तपासता, तशी ही फाईल कोणी तपासली? आणि पैसे देऊन घेतलेली फाईल माझ्याकडे राहील का? दहा जणांनी विचारलं तर दुर्लक्ष होईल. हजार जणांनी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल. आपल्या या व्याख्यानांचे श्रोते निदान तेवढे तरी आहेत.

पुढच्या वेळी श्राव्य पुस्तकांबद्दल बोलू. ऐकणं हे वाचणं आहे का, हा आमच्या आवडीचा प्रश्न त्यात येईल. तोवर आज सांगितलेली परीक्षा आपापल्या मोबाइलमधल्या एखाद्या मराठी पुस्तकावर करून ठेवा, आणि काय दिसलं ते कळवा.